गाऱ्हाणं ऐकणारं मशीन

हल्ली जेवताना भाचा मोबाईल पुढे करून मला सांगतो, "मावशी, आता कोडबीड कोणी लिहीत नाही. नुसतं सांगायचं, मला असं असं ॲप पाहिजे. झालं तयार." मग तो त्यावरचे विनोद वाचून दाखवतो आणि सगळे हसतात. मी हसत नाही, म्हणून घरात मला खडूस म्हणतात. म्हणू देत. हा विनोद मी स्वतः पस्तीसेक वर्षांपूर्वी केलेला आहे, आणि एका माणसाने तो खरा मानला होता.

तेव्हा मी डिचोलीजवळच्या एका खाण कंपनीच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर होते. गोवा राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं घर पेडण्याचं. राज्याची भाषा कोकणी की मराठी या वादात आमचे वडील मराठीचे आणि थोरला भाऊ कोकणीचा, त्यामुळे घरात जेवणं मुकाट्यानेच व्हायची. नोकरी लागल्यावर डिचोलीत खोली घेतली तेव्हा खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे कार्यालयातली एकमेव थंड खोली. बाहेर खनिजाची लाल धूळ, म्हणून दारात चपला काढूनच आत यायचं असा नियम होता. आत आम्ही दोघं, मी आणि साखळीहून रोज स्कूटरने येणारा माझा एक सहकारी. माझं मुख्य काम पाळीच्या यादीचं. खाणीतून नदीवरच्या धक्क्यापर्यंत खनिज नेणारे ट्रक, त्यांचे ड्रायव्हर, कोणी कधी लांबच्या रस्त्यावर जायचं, कोणी वजनकाट्यावर किंवा ट्रक धुण्याच्या जागेवर थांबायचं, हे सगळं मी लिहिलेल्या प्रोग्रामने ठरायचं. संध्याकाळी प्रिंटर करकरत यादी छापायचा आणि सकाळी वॉचमन ती फाटकावर चिकटवायचा.

त्याआधी हे काम एका मुकादमाकडे होतं. तेही पेडण्याचे, साठीला टेकलेले. मी त्यांना काका म्हणायची. काका खडूने फळ्यावर नावं लिहायचे. कुणाची बायको बाळंत झाली, कुणाचा पाय मुरगळला, हे बघून नावं इकडची तिकडे करायचे. काहींना हा वशिला वाटला, तक्रारी झाल्या, आणि साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे मशीनची यादी म्हणजे यादी, त्यावर कोणी पेन लावायचं नाही. काका फळा पुसून गप्प बसले. मला तेव्हा आपण फार मोठी सुधारणा केली असंच वाटत होतं.

एकदा साहेबांनी आम्हा दोघांना पणजीला एका व्याख्यानाला पाठवलं. कोट घातलेला एक माणूस बाहेरून आला होता. त्याने सांगितलं की आता चौथ्या पिढीच्या भाषा आल्या आहेत. काय हवं ते साध्या इंग्रजीत सांगायचं, प्रोग्राम आपोआप तयार. लवकरच प्रोग्रामरची गरजच उरणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. नोकरीला लागून मला दोन वर्षंही झाली नव्हती.

परतीच्या बसमध्ये भीती घालवायला आम्ही थट्टा सुरू केली. सहकारी म्हणाला, "साधें सांगून काम जावपाची भास आमकां नवी काय? तुमच्या पेडण्यांत गाराणें घालतात मगे?"

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडे शिकवावं लागत नाही. नारळ ठेवून एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाला साध्या बोलीत मागणं सांगतो आणि दर वाक्याला जमलेले लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आमच्या वाड्यावर हे काम वडिलांचं. मला त्यांचा सूर तोंडपाठ होता. मी बसमध्येच सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ही जी पाळयेची यादी आसा, ती एका झटक्यात छापून येवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सहकारी ओरडला.

"कागद अडाकलो तर सुटांदे, लाईट गेली तर परत येवंदे, साहेबाची नजर लागली तर ती परती जावंदे म्हाराजा!"

आता मागचे दोन-चार प्रवासीही "व्हय म्हाराजा" म्हणायला लागले. डिचोली येईपर्यंत आम्ही पूर्ण भाषा रचली. प्रोग्राम चुकला तर इंग्रजीत शिवी नको, देवळात मूर्तीला लावलेलं फूल डावीकडे पडलं की देव नाही म्हणाला असं समजतात, तसं नुसतं "डावा कौल" असं उमटायला हवं. सहकाऱ्याने विचारलं की मशीनने कोकणीत ऐकायचं की मराठीत. मी म्हटलं, दोन्हीत ऐकू दे बाबा, नाहीतर भाषेच्या आंदोलनात केले तसे परत रस्ते बंद करतील.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच तो प्रोग्राम लिहिला. अर्धा तास लागला. पडद्यावर देवनागरी उमटायची नाही, म्हणून रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत "गाराणें घाल" असं यायचं. काहीही टाईप करा, आठ सेकंद टिंबं सरकायची आणि मग "व्हय म्हाराजा. काम जालां." एवढंच. आत काही नव्हतं. आठ सेकंद मीच ठरवले होते, कारण लगेच उत्तर आलं तर कोणाला खरं वाटलं नसतं. कोण काय मागतं ते नंतर वाचून हसता यावं, म्हणून सगळी मागणी एका फाईलमध्ये जमा होईल अशी सोय तेवढी केली होती. आठवडाभर कार्यालयातले लोक येऊन हसून गेले. टायपिस्टने बदली मागितली, शिपायाने साहेबांची खुर्ची मोडावी असं मागितलं.

त्याच आठवड्यात कधीतरी काका माझ्याकडे आले होते. मी एका चुकीच्या मागे लागले होते आणि डोकं तापलेलं होतं. ते दारातूनच म्हणाले, "गो बाय, यादीत एक नाव बदलूक जायत?"

"साहेबांची चिठ्ठी हाडा, काका," मी पडद्यावरची नजरही न काढता म्हटलं.

"चिठ्ठी नाय मेळूची. म्हणान तर तुका विचारतंय."

"मग नाय जावचां."

का बदलायचं, कुणाचं, हे मी विचारलं नाही. ते आल्या पावली परत गेले.

दोन दिवसांनी दुपारी ते परत आले. आम्ही दोघं पातळभाजी-पाव खायला कँटीनमध्ये निघालो होतो. काकांनी पडद्याकडे बघितलं. पोर्तुगीजांच्या काळात शाळेत गेलेले असल्याने रोमी अक्षरं त्यांना चांगली वाचता यायची. त्यांनी विचारलं, "ह्या मशीन खराच ऐकता?"

माझा सहकारी गंभीर चेहरा करून म्हणाला, "साध्या उतरांनी सांगात काका, जाता तें."

आणि मी, हे मला विसरता येत नाही, मी हसू दाबून म्हटलं, "आता यादीसाठी माझ्याकडे येवची गरज नाय. ह्याकाच सांगा."

कँटीनमधून परतलो तेव्हा काका चपला काढलेल्या पायांनी मशीनसमोर हात जोडून उभे होते. पडद्यावर "व्हय म्हाराजा. काम जालां." असं होतं. त्यांचा चेहरा इतका निवांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "बरां जालां गो बाय," एवढंच म्हणून ते गेले. आम्ही दार लावून पोट धरून हसलो. सहकाऱ्याची पैज होती की त्यांनी लॉटरी मागितली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीचे ट्रक सुटून अर्धा तास झाला होता. मी चहाचा पेला घेऊन बसले आणि करमणूक म्हणून ती फाईल उघडली. बदली, खुर्ची, उकाडा कमी होऊ दे, असली मागणी होती. सगळ्यात खाली काकांचं गाऱ्हाणं. एकेक अक्षर शोधून टाईप केलेलं, मध्ये कुठे जागा सोडलेली, कुठे नाही. मी ते दोनदा वाचलं, आणि आजही ते मला शब्दाशब्दाने आठवतं.

"बा देवा म्हाराजा. चंदगडचो जो ड्रायव्हर आसा तेका आठ दिस डोळ्यांमुखार काळोख येता. एक डाव स्टेरिंगार बसानच भान गेलां. डॉक्टराक सांगलां तर नोकरी जायत. पंदरा दिस तेका रस्त्यार धाडू नको. वजनकाट्यार ठेव. ही गजाल कोणाक कळूक नाका."

मी यादीची प्रत ओढली. चंदगडच्या ड्रायव्हरचं नाव लांबच्या रस्त्यावर होतं. तो रस्ता उतारावरून एका शाळेच्या फाटकाला घासून खाली धक्क्याकडे जातो. घड्याळात आठला दहा कमी होते आणि शाळा आठला भरायची.

मी फाटकावर पळत गेले. वॉचमन म्हणाला, काका नाहीत, रजेवर आहेत. घरच्या देवाचा नारळ द्यायचा कधीपासून राहिला होता, म्हणून सकाळच्या बसने पेडण्याला गेले. मला सगळं एकदम कळलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घातलं आणि "व्हय म्हाराजा" झालं की तो विषय पुन्हा काढायचा नसतो. परत परत विचारणं म्हणजे देवावर अविश्वास, असं वडीलही सांगायचे. काकांनी यादी बघितलीच नव्हती. मशीनने हो म्हटलं होतं, म्हणून इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते त्या पोराची काळजी सोडून घरी गेले होते.

"आणि तो चंदगडचा?"

"तो गेला की मघाशीच. यादीजवळ बराच वेळ उभा होता. मला विचारलं, नाव बरोबर आहे ना? मी म्हटलं, मशीनची यादी चुकते कधी?"

धक्क्यावर फोन होता, पण तो कोणी उचलेना. सहकाऱ्याने काही न विचारता स्कूटर काढली. मी मागे बसले आणि वाटेत ओरडून त्याला सांगितलं. त्याने एकदाच विचारलं, "फायलींत आशिल्लें?" आणि स्कूटरचा वेग वाढवला.

त्या रस्त्यावर सकाळी ट्रकांची रांग तुटत नसे. लाल धुळीत पुढचं काही दिसायचं नाही. आम्ही एकेक ट्रक मागे टाकत होतो आणि मी प्रत्येकाचा नंबर वाचत होते. हा नव्हे. हाही नव्हे. रस्त्याच्या कडेने नाकाला रुमाल लावून मुलं शाळेत चालली होती, दोघं दोघं, हात धरून. मी देवाला काही मागितलं नाही. मागायची लाज वाटली.

उतार सुरू होतो तिथे ट्रक उभेच होते. पुढचा एकही हलत नव्हता. हॉर्न वाजत होते, क्लीनर उतरून पुढे पळत होते, आणि पुढे कुठेतरी माणसांचा घोळका होता. सहकाऱ्याने स्कूटर थांबवली. मी त्याला म्हटलं, तू जा, मी येत नाही. तो म्हणाला, "ना. तूंय चल." आणि त्याने माझं मनगट धरून मला ओढत नेलं.

शाळेच्या फाटकापासून वीसेक पावलांवर ट्रक रस्त्यात तिरका उभा होता. मागच्या चाकाखाली मोठा दगड लावलेला होता. मी आधी चाकांच्या खाली बघितलं, दोन्ही बाजूंनी, वाकून. काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला चंदगडचा ड्रायव्हर डोकं गुडघ्यात घालून बसला होता. पंचविशीचाच होता. शर्टाची बाही दातात धरली होती.

मी त्याच्यासमोर खाली बसले. "लागलं का कुणाला?"

त्याने मान हलवली. "न्हाई. अंधारी यायला लागली तवाच ब्रेक मारलो. दगूड लावलो. पोरं समूर हुती बाई." मग माझ्याकडे बघून विचारलं, "माझं नाव आज यादीत न्हवतं नव्हं? काका म्हनलं हुतं, मशीनला सांगितलंय म्हणून. मग परत घातलं कुणी?"

मागून ट्रकांचे ड्रायव्हर शिव्या घालत होते. फाटकातून मुलं डोकावून बघत होती आणि एक बाई त्यांना आत ओढत होती.

तासाभराने सगळे साहेबांच्या केबिनमध्ये उभे होतो. ज्या कंत्राटदाराचा ट्रक होता तो म्हणाला की पोरगा पिऊन आला असणार, या घाटावरच्या लोकांचं नेहमीचंच. ड्रायव्हर दोन्हीकडून अडकला होता. आजार सांगितला तर नोकरी जाणार, न सांगितला तर दारुडा ठरणार. मी तेव्हा बोलले. फाईल, आठ सेकंद, "ह्याकाच सांगा" असं मी म्हटलेलं, सगळं. तो प्यायलेला नाही, आजारी आहे, आणि कुणी ऐकायला हवं होतं तर ते मी.

साहेबांनी मला तो प्रोग्राम पुसायला लावला आणि पुन्हा असा पोरकटपणा केला तर याद राखा, अशी तंबी दिली. माझी नोकरी राहिली. त्याची दुपारीच गेली. मला याचा इतका राग आला की संध्याकाळी खोलीवर मी भिंतीवर पेला फेकून मारला. राग कुणावर काढायचा हे मात्र ठरवता येत नव्हतं, कारण फिरून फिरून तो माझ्यावरच येत होता.

काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांना फाटकावरच कळलं होतं. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, "काका, ती थट्टा होती. त्या मशीनात काय नव्हतां."

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले. मग म्हणाले, "मशीन देव न्हय, ह्यां माका कळता गो. मी येवढो खुळो नाय. पण तां लिवलेलां तुवें. व्हय म्हाराजा तुवें लिवलेलां. माका दिसलां, मशीनाक सांगलां म्हणजे तुकाच पावलां."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"तुजो बापूस गाराणां घालता, तेवां व्हय कोण म्हणता? देव म्हणता? फाटल्यान उबी आसतत ती माणसां म्हणतत. एकदा व्हय म्हटलां की तां काम तेंचांय जाता."

लहानपणापासून मी त्या घोळक्यात उभी राहून "व्हय म्हाराजा" ओरडत आले होते. वडिलांच्या मागे, भावाच्या शेजारी, प्रसादाच्या खोबऱ्याकडे लक्ष ठेवून. त्या शब्दात मी स्वतः काही कबूल करते आहे, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्याच दुपारी डिचोलीच्या बसस्टँडवर काका त्या पोराला निरोप द्यायला गेले आणि मीही त्यांच्या मागे गेले. त्याच्याकडे पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. माझ्याकडे तो बघत नव्हता. बस लागली तेव्हा संकोचत म्हणाला, "बाई, काल कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं त्येचा कागद आन नोकरीत हुतो असा दाखला मिळाला, तर बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात फुकट बघतील म्हणत्यात. मला कोण द्याचं न्हाई. तुमी बघशीला?"

"हो," मी म्हणाले. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग बसकडे.

कार्यालयाने सांगितलं, तो आमचा माणूस नव्हे, कंत्राटदाराचा. कंत्राटदार वास्कोला राहायचा. दोनदा तो भेटलाच नाही. तिसऱ्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, असल्या लोकांचे कागद कोण ठेवतं. तेव्हा मी माझ्याच मशीनमधून त्या पोराच्या वर्षभराच्या सगळ्या पाळ्या छापून काढल्या, रोजच्या यादीतलं त्याचं नाव शाईने अधोरेखित केलं आणि ती चळत कंत्राटदाराच्या टेबलावर आपटली. तेव्हा त्याने सही केली. डॉक्टरांच्या कागदासाठी आणखी कितीतरी रविवार गेले. शेवटचा शिक्का बसला तोवर पावसाळा संपून दिवाळी तोंडावर आली होती.

पोस्टावर माझा विश्वास नव्हता. मी आणि काका एका रविवारी बस बदलत बदलत चंदगडकडच्या त्याच्या गावी गेलो. तो अंगणात जळणाची लाकडं रचत होता. आम्हाला बघून उभा राहिला. त्याची आई म्हणाली, अंधारी अजून येते, आता तो एकटा विहिरीवरही जात नाही.

मी पिशवीतून कागद काढून त्याच्या हातात दिले. त्याने मळका हात धोतराला पुसला, दोन्ही बाजूंनी कागद बघितले आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"मला वाटलं न्हवतं बाई," तो म्हणाला.

"काय वाटलं नव्हतं?"

"तुमी ऐकलंसा म्हणून."